'संशयकल्लोळ'चे अध्यापन : विनोदी नाटक, वर्गचर्चा आणि इतिहासदृष्टी

गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) यांचे 'संगीत संशयकल्लोळ' हे मराठी रंगभूमीवरील अभिजात विनोदी नाटक म्हणून मान्यता पावलेले आहे. तथापि महाविद्यालयीन वर्गात त्याचे अध्यापन बहुधा कथानकाचा सारांश, पात्रपरिचय आणि पदांची गोडी एवढ्यावरच थांबते. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी संगीत नाटकाचा प्रयोग विद्यार्थ्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. तेथे तर हे नाटक परीक्षेच्या टिपणांपुरतेच उरते. इतिहासाच्या अध्यापकाने ते चर्चेसाठी हाती घेतल्यास चित्र बदलू शकते.

या नाटकाचा प्रवासच मुळात बोधप्रद आहे. मोलिएरचे 'स्गानारेल' (१६६०), त्यावर आधारलेले आर्थर मर्फीचे 'ऑल इन द राँग' (१७६१), त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये रचलेले 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले त्याचे संगीत रूप, असा हा क्रम होय. त्यापूर्वी १८९० मध्ये देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' हे रूपांतर केले होते. तेथे हातरुमाल जे काम करतो, तेच येथे तसबीर करते. फरक इतकाच की एका नाटकात पत्नीचा जीव जातो आणि दुसऱ्यात प्रेक्षक हसतात. संशय हास्यास्पद केव्हा ठरतो आणि घातक केव्हा, हा चर्चेचा पहिला प्रश्न येथूनच निघतो.

रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती पडते आणि ती फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. येथे कोणाचेही डोळे फसलेले नाहीत. चुकले आहे ते अनुमान. प्रत्येक पात्राने 'प्रत्यक्ष काय पाहिले' आणि 'त्यावरून काय मानले' हे विद्यार्थ्यांना दोन रकान्यांत लिहावयास सांगितले, तर साधन आणि अनुमान यांतील भेद त्यांच्या सहज ध्यानी येतो. इतिहासलेखनपद्धतीच्या तासाला हाच भेद व्याख्या पाठ करूनही पुष्कळदा निसटतो.

अधिक मोलाचा प्रश्न रेवतीचा आहे. मर्फीची बेलिंडा प्रतिष्ठित घरातील कन्या आहे. देवलांनी मात्र रेवतीला कलावंतिणीची मुलगी केले. हा बदल किरकोळ नव्हे. अश्विनशेठच्या मनातील संशयाला येथे तिच्या जन्माचा आधार मिळतो. 'मृच्छकटिक' मराठीत आणणाऱ्या देवलांना वसंतसेनेची स्थिती परिचित होतीच. ज्या समाजात कलावंतिणीच्या मुलीचा विवाह हाच वादाचा विषय होता, त्या समाजापुढे रेवती सन्मानाने विवाहास पात्र ठरते. देवदासींच्या विवाहास वैध मानणारा मुंबई प्रांताचा कायदा १९३४ मध्ये झाला. रेवती देवदासी नाही, हे खरे. परंतु दोघींकडे पाहणारी समाजाची नजर फारशी वेगळी नव्हती.

चर्चेत आणखी एक गुंता विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो. निष्ठेची खात्री पटवून देण्याची सक्ती जिच्यावर होते, त्या रेवतीची भूमिका गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्व करीत असत. कलावंतिणीच्या मुलीची बाजू रंगभूमीवर मांडली गेली, पण पुरुषाच्या मुखातून. याला नाटकाची मर्यादा म्हणावयाचे की काळाची, यावर वर्गात एकमत होण्याची गरज नाही. मात्र प्रत्येकाने आपल्या मताचा आधार संहितेतून दाखवावा.