रिट्रीट, ख्रिस्ती

आध्यात्मिक नूतनीकरणासाठी रोजच्या व्यवहारापासून काही काळ दूर राहून केलेली साधना. कामगिरीवरून परतलेल्या शिष्यांना येशूने एकांतात विसावा घेण्यास सांगितले, या मार्कच्या शुभवर्तमानातील (६:३१) प्रसंगाशी तिचे नाते सांगितले जाते. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले. त्यांच्या साधनाग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची; पुढे संसारी, नोकरदार माणसांसाठी दोन-तीन दिवसांची रूपे रूढ झाली. १९६७ मध्ये अमेरिकेतील ड्यूकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या अशाच शनिवार-रविवारच्या रिट्रीटमधून कॅथलिक करिश्माई चळवळ सुरू झाली.

मुंबईजवळच्या ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात या परंपरेचे अनेक प्रवाह एकत्र येतात. येथील लॅटिन विधीची चर्चे मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात, तर केरळातून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. मल्याळम भाषक रिट्रीटला ‘ध्यानम्’ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्येही अशी शिबिरे भरतात. त्यांत बायबल अभ्यास व प्रार्थनेवर भर असतो.

कॅथलिक रिट्रीटमध्ये प्रवचन, मौन, मनन, प्रायश्चित्त संस्कार, मिस्सा व आराधना असा क्रम असतो. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ त्यासाठी विशेष अनुकूल मानतात. या परिसरातील लोकल गाड्यांच्या वेळापत्रकाला बांधलेल्या कुटुंबांना एकत्र प्रार्थना, सहभोजन व निवांत संवाद मिळवून देणे, हे या साधनेचे मोठे सामाजिक मोल आहे.