टॅरोचे वाचन आणि पामेला कोलमन स्मिथ

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातील उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. त्याला इजिप्तच्या गूढविद्येचा वारसा चिकटवला तो कूर द जेबलँ याने, १७८१ मध्ये. शांपोल्याँने चित्रलिपी उलगडली ती त्यानंतर चार दशकांनी! आज नवशिक्याला बहुधा एवढेच सांगितले जाते : चित्र पाहा, मनात उमटेल ते बोला. ही वाचनरीती रुजली ती प्रामुख्याने लंडनला १९०९ साली निघालेल्या संचामुळे. प्रचलित मार्सेय संचात ७८ पैकी ४० अंकपत्त्यांवर नुसते पेले, तलवारी, नाणी वा दंड मोजून मांडलेले असत. त्यांचे अर्थ पाठ करावे लागत. पामेला कोलमन स्मिथ हिने तेथे प्रसंग चितारले. तीन पेले सांडलेले, उरलेल्या दोहोंकडे पाठ करून उभी काळ्या झग्यातील आकृती : काय घडले, पुढे काय, हे पाहणाऱ्याने पुरवायचे. जिला अंतःप्रेरणा म्हटले जाते ती येथे, इझरच्या परिभाषेत, संहितेतील रिकामी जागा भरण्याची क्रिया होय. संच मात्र ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि योजक वेट यांच्या नावांनी. काम मोठे आणि मोबदला अगदी तुटपुंजा, असे स्मिथने त्याच वर्षी छायाचित्रकार स्टीगलिट्झ यांना पत्राने कळवले होते. १९५१ मध्ये ती वारली, तेव्हा तिचे सामान कर्जफेडीसाठी विकले गेले.