ओगोवेकाठचा रविवार

सुट्टी कशी घालवावी, हे दिवाळीत कुणाला शिकवावे लागत नाही. फराळाचे ताट, हाती एखादा अंक आणि दुपारी अंमळ लवंडायला मोकळी ओसरी, एवढे मिळाले की सुट्टी सार्थकी लागते. पण मानमरातब सोडून परमुलखात रोग्यांची सेवा करायला गेलेल्या माणसाने सुट्टी घ्यावी काय? दाराशी रोगी खोळंबलेले असताना तासभर वाद्य घेऊन बसणे त्याला शोभते काय? डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

आल्सेसमध्ये १८७५ साली जन्मलेला हा गृहस्थ तिशीच्या आतच धर्मशास्त्राचा अध्यापक आणि नामांकित ऑर्गनवादक झाला होता. हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी नव्हे. चर्चमधल्या या अजस्र वाद्यात हातांप्रमाणे पायांनीही स्वर वाजवावे लागतात. जर्मन संगीतकार बाख याच्यावर श्वाइट्झरांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. परंतु एकविसाव्या वर्षीच त्यांनी मनाशी ठरविले होते, की तिशीपर्यंत विद्या आणि कला, त्यापुढे प्रत्यक्ष लोकसेवा. त्याप्रमाणे १९०५ साली ते विद्यार्थी होऊन वैद्यक शिकू लागले आणि १९१३ च्या एप्रिलमध्ये विषुववृत्ताजवळच्या गाबोन देशात, ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथे पोहोचले. पगार कुणाचा नव्हता. पैसा त्यांनी स्वतः जमविला होता. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या त्यांच्या पत्नी हेलेन सोबत होत्या. पहिला दवाखाना थाटला तो कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात! पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रोगी आले. हिवताप, निद्रारोग, महारोग, अंतर्गळ यांतून मान वर करायला फुरसत नसे.

पॅरिसच्या बाख-मंडळाने निरोपादाखल त्यांना एक पियानो दिला होता. उष्ण, दमट हवेत टिकावा म्हणून जस्ताचे अस्तर लावलेला आणि ऑर्गनप्रमाणे पायपट्ट्या जोडलेला. झाडाचे प्रचंड खोड कोरून केलेल्या होडीतून तो लांबारेनेला आला. पण श्वाइट्झरांना रियाज करण्याचा धीर होईना. कलेचा त्याग करून आपण येथे आलो आहोत. हातापायांना गंज चढू दिला तर तो त्याग सोपा जाईल, अशी त्यांची समजूत होती. एका संध्याकाळी खिन्न मनाने बाखची रचना वाजवीत असता त्यांना एकदम वाटले, की रिकाम्या वेळाचा उपयोग वादन अधिक सखोल करण्यासाठीच का करू नये? येथे जलसा नाही, श्रोते नाहीत, घाई नाही. एकेका रचनेला महिने लागले तरी कोण विचारणार? तेव्हापासून जेवणानंतरचा थोडा वेळ आणि रविवारची दुपार संगीताची झाली. एकेक रचना ते पाठ करू लागले.

या विश्रांतीने पुढे काय दिले पाहा. १९१४ साली महायुद्ध पेटले. श्वाइट्झर जर्मनीचे नागरिक आणि गाबोन फ्रेंचांच्या ताब्यात. त्यामुळे काही महिने घरातच नजरकैद आणि रुग्णसेवेला बंदी. लादलेल्या या सुट्टीत त्यांनी संस्कृतीच्या ऱ्हासावरील ग्रंथ हाती घेतला. १९१५ च्या सप्टेंबरात एका आजारी बाईंना पाहण्यासाठी ते छोट्या आगबोटीने नदीतून चालले होते. करण्यासारखे काम नव्हते, म्हणून डेकवर बसून विचार चालला होता. तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी पाणघोड्यांच्या कळपातून बोट जात असता त्यांना हवा तो शब्द सापडला: 'जीवनाविषयीचा आदर'. पुढे भारतीय विचारांवर ग्रंथ लिहिताना त्यांनी आपल्या अहिंसेचा विचार केला, तोही याच दृष्टीने. १९१७ साली त्यांना कैदी म्हणून फ्रान्सला नेण्यात आले. तेथे वाद्य नव्हते, तर टेबलाला पट्ट्या आणि जमिनीला पायपट्ट्या मानून ते रियाज करीत! युद्धानंतर कर्जाचा डोंगर उभा होता. तो फेडला गेला तो व्याख्यानांच्या आणि ऑर्गनवादनाच्या पैशांतून. १९२४ साली ते लांबारेनेला परतले. 'रोग्यांच्या वाट्याचा वेळ संगीताला दिला' असे ज्याला वाटे, त्याला या हिशेबाकडे बोट दाखवावे.

पण हिशेबाची दुसरीही बाजू आहे. डॉक्टरांना रविवार होता. नदीवर वल्ही मारणाऱ्यांना, रानात लाकूडतोडीला जुंपलेल्यांना काय होते? 'आफ्रिकी माणूस आळशी' हे त्या काळच्या गोऱ्यांचे पालुपद होते. श्वाइट्झरांनी लिहून ठेवले आहे, की एका अत्यवस्थ गोऱ्या रोग्याला घेऊन पंधरा आफ्रिकी वल्हेकरी छत्तीस तास जवळजवळ न थांबता प्रवाहाविरुद्ध वल्हवीत आपल्याकडे आले. तेव्हापासून त्या आळसाविषयी बेधडक बोलणे आपण सोडले. असे लिहिणारे श्वाइट्झर आफ्रिकी माणसाला 'मी तुझा भाऊ, पण वडील भाऊ' असेही म्हणत. हे वडीलपण त्यांना कुणी दिले, असे आज तेथील लोक विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. सेवेची थोरवी सांगताना तो झाकून ठेवू नये.

१९५२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले आणि त्या पैशांतून महारोग्यांची वसाहत पुरी झाली. १९६० साली गाबोन स्वतंत्र झाला. १९६५ साली नव्वदाव्या वर्षी श्वाइट्झर लांबारेनेलाच वारले. तेथील रुग्णालय आजही चालू आहे.

सेवेला निघालेले आपले तरुण पुष्कळदा सुट्टीचीही लाज धरतात आणि वर्षा-दोन वर्षांत खचून परततात. त्यांच्या आईबापांनी आठवड्यातली एक दुपार स्वतःसाठी राखायला त्यांना जरूर सांगावे. आणि आपल्या सुट्टीत ज्यांची वल्ही चालू असतात, त्यांच्याही वाट्याला तशी एक दुपार यावी, हे सांगायला विसरू नये.