जुने सिंथेसायझर आणि संगणकातील त्यांच्या प्रतिकृती

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजीत सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली एचएमव्हीने प्रसिद्ध केली. भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी तीत जपानच्या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजवले होते. गतीसाठी ज्युपिटर-८, खालच्या स्वरांसाठी टीबी-३०३ आणि तालासाठी टीआर-८०८. त्या वेळी या ध्वनिमुद्रिकेचा फारसा खप झाला नाही. २०१० मध्ये हॉलंडमधील एका कंपनीने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले. शिकागोत १९८७ च्या सुमारास पुढे आलेल्या ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य होते. मुंबई आणि शिकागो यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडे टीबी-३०३ हे एकच यंत्र वापरले गेले होते, हे त्या साम्याचे मुख्य कारण.

ही तिन्ही यंत्रे आज संगणकावर सॉफ्टवेअरच्या रूपात मिळतात. मूळ ज्युपिटर-८ घ्यायचा तर लाखो रुपये मोजावे लागतात. त्याची प्रतिकृती मात्र इंदापूर तालुक्यातील शेळगावात बसलेला तरुणही काही हजार रुपयांत आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. मग मूळ वाद्यात असे काय आहे, जे प्रतिकृतीत नाही?

आवाज कसा घडतो?

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर हा भाग विजेच्या दाबानुसार कमी-अधिक वेगाने कंप पावतो आणि स्वर निर्माण करतो. फिल्टर त्यातील काही कंपने गाळून नाद मऊ किंवा धारदार करतो. रॉबर्ट मूग यांच्या ट्रान्झिस्टरवर आधारित फिल्टरला अमेरिकेत १९६९ साली पेटंट मिळाले आणि १९७० मध्ये त्यांच्या कंपनीचा मिनीमूग बाजारात आला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य आणण्याचे श्रेय केरसी लॉर्ड यांना दिले जाते.

या यंत्रांतील सुटे भाग कधीच तंतोतंत सारखे नसतात. एकाच दिवशी तयार झालेल्या दोन यंत्रांच्या आवाजातही सूक्ष्म फरक राहतो. ट्रान्झिस्टर तापमानाला संवेदनशील असल्याने यंत्र तापेपर्यंत सूर हलतो. ज्युपिटर-८मध्ये आठ स्वर एकाच वेळी वाजतात व प्रत्येक स्वरामागे दोन ऑसिलेटर असतात. हे सोळा ऑसिलेटर परस्परांपासून किंचित ढळतात आणि त्यातूनच रसिक ज्याला ‘ऊब’ म्हणतात तो भरदार नाद तयार होतो. टीआर-८०८च्या बाबतीत तर कंपनीने सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेऊन वापरले, असे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सांगितले होते.

प्रतिकृती कुठे अडली?

स्वीडनमधील प्रॉपेलरहेड कंपनीच्या ‘रीबर्थ’ने १९९७ मध्ये टीबी-३०३ आणि टीआर-८०८ प्रथमच संगणकाच्या पडद्यावर आणले. या पहिल्या पिढीपुढे दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली अडचण नमुन्यांची. संगणक आवाज सलग ठेवत नाही; सीडीच्या दर्जासाठी तो सेकंदाला ४४,१०० नमुने मोजतो. त्यामुळे २२,०५० पेक्षा जास्त कंपनसंख्या त्यात मावत नाहीत. त्या दुमडून खाली येतात आणि मूळ स्वराशी न जुळणारी बेसूर कुरकुर ऐकू येते. दुसरी अडचण फिल्टरची. मूळ यंत्रात फिल्टरमधून निघालेला आवाज तत्क्षणी पुन्हा त्याच फिल्टरमध्ये शिरतो. संगणकात मात्र त्याला पुढच्या नमुन्याची वाट पाहावी लागते. एवढ्याशा विलंबानेही टीबी-३०३ची ती प्रसिद्ध चिरकती धार बोथट होते.

दोन्ही अडचणींवर गणिती उपाय सापडले. पण त्यांसाठी वेगवान संगणक हवा होता. २०११ च्या सुमारास आलेल्या ‘दिवा’ या जर्मन सॉफ्टवेअरने विलंबरहित फिल्टरचे गणित सर्वसामान्य वादकाच्या संगणकावर आणले. त्यानंतर सुट्या भागांतील फरक आणि सुराचे ढळणे यांचीही नक्कल होऊ लागली. इतर वाद्यांबरोबर वाजत असताना चांगली प्रतिकृती ओळखणे आज जाणकारांनाही अवघड जाते. फिल्टर टोकाला नेला, आवाज मुद्दाम फाटू दिला किंवा बटणे वेगाने फिरवली, तरच फरक जाणवण्याचा संभव असतो.

रागाच्या कसोटीवर

रागसंगीतापुरते बोलायचे तर पारडे बदलते. षड्ज स्थिर हवा, ही इथली पहिली अट. सूर ढळणे नृत्यसंगीतात शोभून जाते, तानपुऱ्यासोबत ते खटकते. ज्युपिटर-८वर सूर जुळवण्यासाठी वेगळे बटण द्यावे लागले, ते याच ढळण्यामुळे. शिवाय या वाद्याची पट्टी पाश्चात्त्य पद्धतीच्या समान अंतराच्या बारा स्वरांची. तोडीतला अतिकोमल गंधार तीवर जसाच्या तसा मिळत नाही. अनेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर वेगळा लावता येतो. येथे प्रतिकृती मूळ वाद्याच्या पुढे गेली आहे.

मग मूळ यंत्राचे मोल कशात? बऱ्याच अंशी त्याच्या मर्यादेत. टीबी-३०३मध्ये एकच ऑसिलेटर आणि नाद बदलण्यासाठी मोजकीच बटणे. स्वरावरून स्वरावर सरकण्याची सोय आहे. पण त्या सरकण्याला लागणारा वेळ ठरलेला. एवढ्याशा साधनात भैरवी आणि यमन बसवायचे तर वादकाला वाट शोधावी लागली. शेकडो तयार आवाज हाताशी असलेल्या वादकावर ही सक्ती येत नाही.

आयुष्य कोणाचे अधिक?

जुने यंत्र दुरुस्तीवर जगते. मुंबईच्या दमट हवेत कपॅसिटर आणि बटणे खराब होतात, मूळ सुटे भाग मिळत नाहीत व जाणकार कारागीर थोडे. सॉफ्टवेअरला गंज लागत नाही, पण तेही अमर नाही. ‘रीबर्थ’ची विक्री २००५ मध्ये थांबली, आजच्या संगणकांवर ते सहजासहजी चालत नाही. उलट त्याहून पंधरा वर्षांनी जुनी असलेली टीबी-३०३ यंत्रे अजून वाजत आहेत.

निवड करताना

तुलना करायची तर दोन्ही आवाजांची पातळी समान ठेवावी, कारण मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. तीच सुरावट वाजवून, कोणते काय हे न सांगता ऐकवावे. शिकण्यासाठी, ध्वनिमुद्रणासाठी आणि रागांच्या प्रयोगासाठी सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यासाठी कर्ज काढून जुने यंत्र घेण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या घरी असे वाद्य धूळ खात पडले असेल, त्यांनी ते भंगारात देऊ नये. प्रतिकृती बरोबर आहे की नाही, हे पडताळायला मूळ वाद्यच लागते. चरणजीत सिंग २०१५ मध्ये निवर्तले. त्यांच्या पिढीची वाद्ये जपली, तर त्यांचे संगीत कसे घडले याचा अभ्यास पुढेही करता येईल.