चंद्रावर अडकलेलं ड्रिल आणि माझ्या हॉलची भिंत

आज सुरुवात चंद्रापासून करू. ३१ जुलै १९७१. अपोलो १५ चा कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा आहे आणि त्याच्या हातात बॅटरीवर चालणारं ड्रिल आहे. जमिनीच्या आतली उष्णता मोजायची म्हणून तीन मीटर खोल भोक पाडायचंय. सुरुवातीला ड्रिल झरझर आत जातं. मग साधारण दीड मीटरवर गाडी अडते. स्कॉट अंगाचा भार टाकतो, पण चंद्रावर अंगाला भार तरी किती? पृथ्वीच्या एक-षष्ठांश. ड्रिल काही पुढे सरकत नाही.

आता माझ्या हॉलमध्ये या. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट, चौदावा मजला, नवी कोरी बिल्डिंग. हातात बॅटरीवर चालणारं ड्रिल. मला फक्त चार सेंटिमीटरचं भोक हवंय. ड्रिल गिलाव्यातून एक सेंटिमीटर आत गेलं आणि तिथेच गरगरत बसलं. थोड्या वेळानं जळका वास यायला लागला.

त्या भिंतीवर आजोबांचा फोटो लावायचा होता. दोन दिवसांवर वर्षश्राद्ध होतं आणि आई गावाहून येणार होती. मी तिला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "अगं, कोणाला बोलवायची गरज नाही, मी ड्रिल घेतलंय." आजोबा कारखान्यात फिटर होते. घरात गिरमिट घेऊन लाकडाला भोकं पाडायचे. (गिरमिट म्हणजे सुताराचं हत्यार बरं का, हुबळीकडचं चुरमुऱ्याचं नव्हे.) त्यांच्या फोटोसाठी त्यांच्या नातवाला एक भोक पाडता आलं नाही. फोटो श्राद्धाच्या दिवशी शोकेसवर टेकवून ठेवला. आई काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग मी वाचत बसलो. ड्रिल निवडताना नेमकं काय चुकलं हे शोधता शोधता त्या यंत्राच्या इतिहासात शिरलो, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

भोक पाडणं हे माणसाचं फार जुनं काम. बलुचिस्तानातल्या मेहरगडला सात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडले, त्यांच्या दाढांना गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं आहेत. जिवंत माणसांच्या दाढा! पुढे हजारो वर्षं ताकद हाताचीच राहिली. वीज या कामात आली १८८९ मध्ये. मेलबर्नमध्ये आर्थर अर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांनी इलेक्ट्रिक ड्रिलचं पेटंट घेतलं. पण ते खडक आणि कोळसा फोडायला होतं, हातात धरायचं यंत्र नव्हे. हातात धरता येईल असं ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीत, श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं बनवलं. तेही जड धूड, दोन्ही हातांनी आवळून धरायचं.

आपण आज ज्याला ड्रिल म्हणतो तो आकार अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधून आला. डंकन ब्लॅक आणि अलोंझो डेकर या दोघांनी १९१० मध्ये छोटं वर्कशॉप टाकलं. भांडवलासाठी ब्लॅकनं आपली गाडी ६०० डॉलरना विकली होती. त्यांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ दिली आणि मुठीत घोडा, म्हणजे ट्रिगर बसवला. कल्पना कोल्ट पिस्तुलावरून सुचली होती. पेटंटचा अर्ज १९१४ चा, मंजुरी १९१७ ची. बोट दाबलं की चालू, सोडलं की बंद. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण त्याआधी चालू ड्रिल अडकलं तर ते बंद करायला हात सोडून बटण शोधावं लागायचं. मनगटाचं काय होत असेल, विचार करा.

पण हे सगळं कारखान्यातल्या कामगारांसाठी. घरात ड्रिल आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्याची गोष्ट मजेशीर सांगतात. युद्धाच्या काळात विमानांच्या कारखान्यांतून ड्रिल गायब व्हायला लागली. कामगार ती घरी न्यायचे, कारण घरातली छोटी कामं त्यांनी होत होती. दुसरा कोणी असता तर त्यानं गेटवर पहारा वाढवला असता. ब्लॅक अँड डेकरच्या लोकांना यात गिऱ्हाईक दिसलं. १९४६ मध्ये त्यांनी घरगुती वापरासाठी स्वस्त ड्रिल काढलं आणि "स्वतःच करा"वाल्यांचा बाजारच उघडला.

आता वायर. वायर तोडायची हौस कंपनीला १९६१ मध्ये आली. निकेल-कॅडमियमच्या सेलवर चालणारं बिनवायरचं ड्रिल त्यांनी लोकांपुढे आणलं. ताकद बेताची होती, प्लगमधून चालणाऱ्या ड्रिलच्या जवळपासही नाही. हां, इथे एक गैरसमज दूर करू: कॉर्डलेस ड्रिल नासानं शोधलं असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. खोटं आहे, नासा स्वतःच ते नाकारतं. ड्रिल आधी आलं, नासाचं काम नंतर मिळालं. चंद्रावर न्यायच्या ड्रिलसाठी मार्टिन मॅरिएटा या कंपनीनं ब्लॅक अँड डेकरला सोबत घेतलं.

आणि इथे माझी ट्यूब पेटली. बॅटरीचं ड्रिल चंद्रावर का न्यावं लागलं? कारण तिथे प्लग नाही. माझ्या हॉलमध्ये त्या भिंतीपासून दोन मीटरवर प्लग होता. मी ज्या अडचणीवर पैसे खर्च केले ती अडचण मला नव्हतीच!

दुसरी गोष्ट. नासाचं ते ड्रिल नुसतं फिरणारं नव्हतं, ते फिरता फिरता ठोकेही मारायचं. खडकाळ जमिनीत नुसतं फिरून भागत नाही. काँक्रीटचंही तसंच आहे. जुन्या घरांच्या भिंती विटांच्या, नवीन टॉवरमध्ये बऱ्याच भिंती अख्ख्या आरसीसीच्या, साच्यात ओतलेल्या. वीट फिरण्यानं झिजते. काँक्रीटमधली खडी ठोक्यानंच फुटते. माझ्या ड्रिलला हातोडीचं चिन्ह होतं, हे कबूल. पण स्वस्त छोट्या ड्रिलमधली ती हातोडी म्हणजे दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून होणारी थरथर. विटेला पुरते, आरसीसीला नाही.

मग स्कॉटचं ड्रिल ठोके मारत असूनही का अडकलं? दोष बॅटरीचा नव्हता, बिटचा होता. लांब बिट तुकडे जोडून केलं होतं. भुगा वर आणणाऱ्या पन्हळी त्या जोडांपाशी उथळ होत्या, तिथे भुगा दाटला आणि बिट आवळलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी मातीचा नमुना घ्यायला जवळजवळ अडीच मीटर खोल नळी घातली, ती तर बाहेरच येईना. शेवटी स्कॉट आणि जिम अर्विन दोघांनी खांदे लावून ती उपसली. या खटाटोपात इतका वेळ गेला की उत्तरेकडच्या टेकड्यांची फेरी रद्द झाली. अपोलो १६ च्या वेळी बिट सुधारून पाठवलं. भोक छान पडलं, आणि मग जॉन यंगचा पाय वायरीत अडकून तापमापकाची केबलच तुटली. असो!

घरी याचा उपयोग असा: भिंतीत बिट सलग रेटू नका. थोडं आत, मग फिरतं ठेवूनच बाहेर, भुगा पडू द्या, परत आत. माझ्या जळक्या वासातला अर्धा वाटा या अडाणीपणाचा होता.

आता बॅटरीकडे, कारण कॉर्डलेसमध्ये तुम्ही मुख्यतः बॅटरीचे पैसे देता. मकितानं १९७८ मध्ये निकेल-कॅडमियमवर चालणारं ६०१०डी हे मॉडेल काढलं आणि बिनवायरचं ड्रिल सुतारांच्या पेटीत रुळायला लागलं. पण या बॅटऱ्यांची खोड अशी की कपाटात पडल्या पडल्या चार्ज उतरतो. वर्षातून सहा वेळा ड्रिल काढणाऱ्यासाठी ही फार वाईट खोड. वर कॅडमियम विषारी. युरोपीय संघानं २०१६ च्या अखेरीपासून अशा हत्यारांत त्यावर बंदीच घातली. तोवर लिथियम-आयन आली होती. मिलवॉकीनं २००५ मध्ये २८ व्होल्टची लिथियमवाली हत्यारं आणली आणि चित्र पालटलं. लिथियमची बॅटरी महिनोन्महिने पडून राहिली तरी चार्ज बराचसा टिकतो. म्हणून तुमच्या-माझ्यासारख्या कधीमधीवाल्यांसाठी लिथियमच घ्या. कोणी जुनं निकेल-कॅडमियमचं ड्रिल "फक्त हजार रुपयांत" देत असेल तर नम्रपणे नको म्हणा.

व्होल्टचा आकडा मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२ पर्यंत जातो. तीन सेल म्हणजे १०.८, त्यालाच बाजारात "१२ व्होल्ट" म्हणतात. पाच सेल म्हणजे १८. पूर्ण चार्ज केल्या केल्या मोजलं तर २१. म्हणजे १८, २० आणि २१ व्होल्टची तीन ड्रिल समोर ठेवली तर आत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात. माझ्या ड्रिलवर मोठ्या अक्षरात ८८ लिहिलं होतं आणि मी त्यालाच भुललो. ८८ व्होल्टला किमान एकवीस सेल लागतील, ते माझ्या मुठीएवढ्या पॅकमध्ये मावणार कुठे? (पॅक उघडून मोजू नका, लिथियम आहे, पेट घेतं.)

दुसरा हिशोब तुमच्या फोनवरून करा. पाच हजार एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते. १२ व्होल्टच्या, २ अँपिअर-तासाच्या ड्रिलच्या बॅटरीत साधारण २१ ते २२. म्हणजे जवळजवळ तेवढीच! फोन ती दिवसभर पुरवतो. ड्रिलनं २०० वॉट खेचले तर सहा-सात मिनिटांत संपते. त्यामुळे लाकडात स्क्रू पिळायला ती रगड, भिंतीला भोकं पाडायला तोकडी.

मग घ्यायचं काय? माझं बजेट तीन हजारांचं होतं, आणि आज मी त्यात आधी कामं मोजली असती. पलंग जोडणं, कपाटाच्या बिजागऱ्या, पडद्याच्या रॉडचे स्क्रू ही कामं जास्त असतील तर १२ व्होल्टचं साधं लिथियम ड्रिल पुष्कळ झालं. टॉर्क पंचवीस-तीस न्यूटन-मीटर बास. गळ्याशी आकडे लिहिलेली क्लचची रिंग हवीच, नाहीतर स्क्रूचं डोकं उडतं. ट्रिगर दाबाल तसा वेग वाढला पाहिजे. किमतीत बॅटरी आणि चार्जर आहे ना, हे वाचा, कारण नुसतं धडही विकतात. आणि तीच बॅटरी सुटी मिळते का हे आजच शोधून बघा. दोन-तीन वर्षांनी ड्रिल ठणठणीत असतं आणि बॅटरी मेलेली असते. सोबत शंभर नगांची बिटांची पेटी फुकट मिळतेय म्हणून हुरळू नका, तीन चांगली बिटं पुरतात. भिंतीचीच कामं असतील तर तेवढ्याच पैशात वायरवालं पाचशे वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. आणि भिंत आरसीसीची असून भोकं चारच असतील तर काहीच घेऊ नका. आमच्या सोसायटीत एका भोकाचे शंभर रुपये घेणारा माणूस येतो, त्याच्याकडे खरा रोटरी हॅमर आहे.

मी त्यालाही बोलावलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जुना वायरवाला हॅमर निघाला. आई पुढच्या महिन्यात आली तेव्हा तिनं भिंतीखाली वर्तमानपत्राचा द्रोण धरला आणि मी सहा मिलिमीटरचं बिट आत-बाहेर करत भोक पाडलं. मिनिटभराचं काम. प्लास्टिकचा प्लग, स्क्रू, आजोबा भिंतीवर. आई म्हणाली, "डावीकडे जरा कललाय." ८८ वालं ड्रिल आता पलंगाचे स्क्रू आवळायच्या कामी येतं, आणि ते काम, खरं सांगतो, छान करतं.