दूरचित्रवाणी ट्यूनर कार्ड

आकाशक (अँटेना), केबल किंवा उपग्रहग्राही तबकडी यांच्याकडून येणाऱ्या अनेक दूरचित्रवाणी संकेतांपैकी इच्छित वाहिनीचा संकेत निवडून तो संगणकाला हाताळता येईल अशा अंकीय स्वरूपात पुरविणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलपट्टास दूरचित्रवाणी ट्यूनर कार्ड म्हणतात. हे कार्ड संगणकाच्या मुख्य मंडलपट्टावरील खाचेत बसविले जाते. यूएसबी जोडणीने बाहेरून जोडावयाचे प्रकारही पुढे प्रचारात आले. कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर पाहणे हा त्याचा एक उपयोग असला, तरी त्याला खरे महत्त्व आले ते मुद्रणामुळे. साधारणपणे १९९६ ते २०१२ हा या साधनाच्या भरभराटीचा काळ होय. कार्डाची निवड हा वरकरणी किंमत व चित्राचा दर्जा यांचा प्रश्न दिसत असे. प्रत्यक्षात ती दोन गोष्टींवर अवलंबून होती : मुद्रणाचे श्रम कार्डाने करावयाचे की संगणकाने, आणि प्रक्षेपकाने संकेत खुला ठेवला आहे की कुलूपबंद केला आहे. यांपैकी पहिला प्रश्न तंत्रविद्येने सोडविला. दुसरा सोडविणे तिच्या हाती नव्हते.

पूर्वपीठिका : प्रेक्षकाने घरबसल्या केलेले मुद्रण हे दूरचित्रवाणीइतकेच जुने आहे, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही. जॉन लोगी बेअर्ड (१८८८–१९४६) यांनी १९२७ मध्ये ३० रेषांचे चित्र ग्रामोफोनच्या तबकडीवर उमटविण्याचे प्रयोग केले. इतक्या थोड्या रेषांच्या चित्रसंकेताची कंप्रता श्राव्य ध्वनीच्या मर्यादेत बसत असल्याने ध्वनिमुद्रणाचेच साधन त्याला पुरत असे. एप्रिल १९३३ मध्ये बीबीसीने प्रक्षेपित केलेला एक संगीत-नृत्याचा कार्यक्रम अशाच प्रकारे एका प्रेक्षकाने घरगुती यंत्रावर ॲल्युमिनियमच्या तबकडीवर मुद्रित केला. डॉनल्ड मॅक्लीन यांनी पुढे संगणकाच्या साहाय्याने बेअर्ड यांच्या तबकड्यांप्रमाणेच या तबकडीवरील चित्रही पुन्हा दृश्य केले. प्रक्षेपित कार्यक्रमाचे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण म्हणून ती तबकडी ओळखली जाते. प्रक्षेपण संस्थेने स्वतः जे जतन केले नाही ते एका सामान्य प्रेक्षकाने राखले, हा प्रकार पुढेही वारंवार घडला.

रेषांची संख्या ४०५, ५२५, ६२५ अशी वाढत गेली, तसे चित्रसंकेताचे कंप्रताक्षेत्रही अनेक मेगॅहर्ट्‌झपर्यंत विस्तारले व मुद्रण घराबाहेर गेले. अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १४ एप्रिल १९५६ रोजी शिकागो येथे दाखविलेल्या पहिल्या व्यवहार्य चित्रफीत यंत्रात २ इंच रुंदीची चुंबकीय फीत आणि मिनिटाला १४,४०० फेरे घेणाऱ्या चक्रावर बसविलेली चार शीर्षे होती. असे यंत्र केवळ प्रक्षेपण केंद्रांनाच परवडणारे होते. फीत महाग असल्यामुळे ती पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा पडली. बीबीसीच्या १९६० नंतरच्या दशकातील अनेक मालिकांचे भाग त्यामुळे नष्ट झाले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचे ध्वनी मात्र उपलब्ध आहेत, कारण काही प्रेक्षकांनी ते घरी टेप रेकॉर्डरवर उतरवून घेतले होते.

सोनीचे बीटामॅक्स (१९७५) व जेव्हीसीचे व्हीएचएस (१९७६) या पद्धतींनी चित्रमुद्रण पुन्हा घरात आणले. अमेरिकेतील चित्रपटनिर्मात्यांनी त्याविरुद्ध दावा लावला. तथापि १७ जानेवारी १९८४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, कार्यक्रम नंतर सवडीने पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर होय, असा निर्णय ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. ट्यूनर कार्डाचे पुढील सारे अस्तित्व या एका मताच्या आधिक्यावर उभे आहे. फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स (१९२९–२०१२) यांनी सुमारे तीन दशके अहोरात्र वृत्तवाहिन्यांचे मुद्रण करून सुमारे ७०,००० फितींचा संग्रह मागे ठेवला. फितीच्या मर्यादाही अशा संग्रहातच ठळकपणे जाणवतात. फीत जागा व्यापते, झिजते, प्रतीची प्रत काढताना चित्र मलिन होते आणि हवा तो क्षण शोधण्यासाठी ती गुंडाळत बसावे लागते. हे दोष संगणकाने दूर होतील, अशी अपेक्षा होती.

रचना व कार्य : सदृश प्रक्षेपणाच्या काळातील कार्डावर धातूच्या लहान डबीत बंद केलेला ट्यूनर असे. तो निवडलेल्या वाहिनीच्या वाहक तरंगाचे एका ठराविक मध्यम कंप्रतेत रूपांतर करी. त्यातून चित्र व ध्वनी वेगळे केल्यावर चित्रसंकेताचे ठराविक अंतराने नमुने घेऊन त्यांना अंकांचे रूप दिले जाई. ही डबी बहुधा एकाच प्रक्षेपण पद्धतीसाठी बनविलेली असल्याने खरेदीत पहिली चूक येथेच होई. भारतात पाल पद्धतीची ६२५ रेषांची व सेकंदास २५ चित्रांची व्यवस्था होती, वाहिनीची रुंदी ७ किंवा ८ मेगॅहर्ट्‌झ असे व ध्वनीचा वाहक चित्राच्या वाहकापासून ५.५ मेगॅहर्ट्‌झवर असे. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत हेच आकडे अनुक्रमे ५२५, सुमारे ३०, ६ व ४.५ असे होते. त्यामुळे केवळ त्या पद्धतीसाठी बनविलेले कार्ड अमेरिकेतील आप्ताने प्रेमाने पाठविले, तरी ते पुण्यात किंवा मुंबईत केबलला जोडल्यावर निरुपयोगी ठरे.

मुद्रणातील मुख्य अडचण राशीची होती. आंतरराष्ट्रीय मानकानुसार (१९८२) पाल चित्राची प्रत्येक रेषा ७२० बिंदूंची व दृश्य रेषा ५७६ धरल्यास आणि प्रत्येक बिंदूस २ बाइट दिल्यास सेकंदाला सुमारे २०.७ मेगॅबाइट माहिती निर्माण होते. एका तासाच्या कार्यक्रमास सुमारे ७५ गिगॅबाइट जागा लागते. १९९६ च्या सुमारास घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्कची क्षमता एक-दोन गिगॅबाइटच असे. म्हणजे अर्ध्या तासाच्या बातम्याही संपीडनावाचून साठविणे अशक्य होते.

जुन्या वाहकपथावरून (आयएसए बस) एवढी माहिती वाहून नेणेही शक्य नव्हते. म्हणून १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील कार्डे चित्र परस्पर पडद्याच्या मंडलाकडे पाठवीत आणि संगणकाच्या स्मृतीत ते येतच नसे. इंटेल कंपनीने १९९२ मध्ये पुढे आणलेल्या पीसीआय वाहकपथाची क्षमता सेकंदाला १३३ मेगॅबाइट होती. तिचा लाभ घेऊन ब्रुकट्री या अमेरिकन कंपनीने बीटी ८४८ ही चिप बनविली. चित्राचे अंकीकरण करून ते मुख्य संस्कारकास न गुंतविता थेट स्मृतीत उतरविण्याचे काम ही एकच चिप करीत असल्याने कार्ड स्वस्त झाले. ही चिप व तिची सुधारित आवृत्ती बीटी ८७८ यांवर असंख्य उत्पादकांनी कार्डे काढली. वेष्टनावरील नावे निरनिराळी असली, तरी आतील मंडल जवळजवळ एकच असे. म्हणूनच जाणकार ग्राहक उत्पादकाचे नाव न विचारता चिपचा क्रमांक विचारीत, आणि लिनक्ससारख्या खुल्या प्रणालीसाठी लिहिलेली एकच चालक आज्ञावली यांतील बहुतेक कार्डांना पुरत असे. कॅनडातील एटीआय कंपनीने १९९६ मध्ये चित्रालेखाचे कार्ड व ट्यूनर एकत्र करून दुसरा मार्ग अनुसरला. त्यात खाच वाचे, परंतु एक भाग जुना झाला की दोन्ही टाकावे लागत.

संपीडनाचा प्रश्न : बीटी ८४८ वर्गातील कार्ड कच्चे चित्र देऊन मोकळे होई, ते संपीडित करण्याचे काम संगणकाच्या मुख्य संस्कारकाला चालू मुद्रणातच करावे लागे. दुसऱ्या कामाचा थोडा ताण आला, तरी मधली चित्रे गळत. याहून त्रासदायक दोष ध्वनीचा होता. अनेक कार्डांवर ध्वनी एका लहान तारेने निराळ्या ध्वनिकार्डाकडे नेलेला असे. चित्र व ध्वनी यांचे नमुने घेणारी दोन स्वतंत्र घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यात दशलक्षास ५० भागांचा फरक असला, तरी तासाभरात सुमारे ०.१८ सेकंदाचे अंतर पडते व निवेदकाचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. चित्रे गळाल्यास ही चूक कितीतरी पट वाढे. पाच मिनिटांच्या चाचणीत निर्दोष ठरलेले कार्ड नाटकाच्या तिसऱ्या अंकात दगा देई, ते याच कारणाने.

यावर उपाय म्हणजे संपीडनासाठी कार्डावरच स्वतंत्र संस्कारक बसविणे. एमपीईजी-२ हे मानक १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास सिद्ध झाले होते. जानेवारी १९९९ मध्ये टीवो व रीप्लेटीव्ही ही हार्ड डिस्कवर मुद्रण करणारी स्वतंत्र यंत्रे लास व्हेगास येथील प्रदर्शनात मांडली गेली. त्यांतील कल्पना लवकरच कार्डांत उतरली. न्यूयॉर्क राज्यातील हॉपॉग कंपनीच्या पीव्हीआर-२५० या कार्डाने २००२ च्या सुमारास चित्र व ध्वनी एकत्र संपीडित करून तयार प्रवाहच संगणकाला दिला. सेकंदाला ५ मेगॅबिट या दराने तासाच्या मुद्रणास सुमारे २.२५ गिगॅबाइट, म्हणजे कच्च्या चित्राच्या सुमारे तेहतिसाव्या हिश्शाएवढी जागा लागे. मुख्य संस्कारक जवळजवळ रिकामा राहत असल्याने जुना, मंद संगणकही या कामी चाले. त्याच वर्षी लिनक्सवरील मिथटीव्ही ही खुली आज्ञावली आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी मीडिया सेंटर आवृत्ती पुढे आली. या दुसऱ्या प्रणालीने तर सदृश ट्यूनरसाठी असा संपीडक अनिवार्यच केला. केवळ मुद्रणाचा विचार केला, तर २००२ नंतर बिनसंपीडकाचे कार्ड घेणे ही काटकसर नसून चूक होती.

अंकीय प्रक्षेपण व कुलूप : जमिनीवरील अंकीय प्रक्षेपण ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये सुरू झाले, अमेरिकेने १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे सदृश प्रक्षेपण बंद केले. अंकीय प्रक्षेपणात केंद्राकडूनच संपीडित प्रवाह येत असल्याने कार्डाने तो फक्त पकडून जसाच्या तसा उतरवावयाचा असतो. अमेरिकेतील एका प्रक्षेपण वाहिनीची पूर्ण क्षमता सेकंदाला १९.३९ मेगॅबिट, म्हणजे तासाला सुमारे ८.७ गिगॅबाइट आहे. मुद्रण मूळ प्रक्षेपणाच्या तोडीचे होते आणि कार्डाची रचना उलट सोपी होते. तंत्रदृष्ट्या प्रश्न येथे संपला.

नेमक्या याच कारणाने हक्काचा प्रश्न पुढे आला. निर्दोष प्रत निघू लागल्यावर ती रोखण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नोव्हेंबर २००३ मध्ये नियम केला. प्रक्षेपणात विशिष्ट खूण आढळल्यास ग्राही साधनाने मुद्रणावर निर्बंध पाळावा, अशी सक्ती १ जुलै २००५ पासून होणार होती. ती टाळण्यासाठी मुदतीपूर्वीच कार्ड घेऊन ठेवावे, असा प्रचारही झाला. परंतु संकेत ग्रहण केल्यानंतर साधन काय करते यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार कमिशनला नाही, असे ठरवून अपील न्यायालयाने ६ मे २००५ रोजी नियम रद्द केला. आकाशकावरील मुद्रण यामुळे वाचले, केबलवरील नाही. तेथील प्रवाह गूढलेखनाने बंद होता आणि तो उघडणारे केबलकार्ड प्रारंभी केवळ प्रमाणित संगणकांबरोबरच वापरता येई. ही अट २००९ मध्ये शिथिल झाली, पण मीडिया सेंटर ही ज्या आज्ञावलीवर सारी भिस्त होती तीच विंडोज १० मधून (२०१५) वगळण्यात आली.

भारतात कायदेशीर वादाचा गाजावाजा न होता परिणाम तोच झाला. १९९१ नंतर पसरलेल्या केबल व्यवस्थेत सशुल्क वाहिन्याही केबलचालकाच्या केंद्रावर उघडून खुल्या सदृश स्वरूपात घरोघरी पाठविल्या जात. त्यामुळे स्वस्त कार्डावर कोणतीही वाहिनी मुद्रित होई. (याच काळात संगणकाचा पडदा दूरचित्रवाणी संच म्हणून वापरू देणारी स्वतंत्र पेटीही ट्यूनर याच नावाने विकली जाई, ती संगणक बंद असताना चाले, परंतु तिच्यात मुद्रणाची सोय नसे, हे अनेकांना खरेदीनंतर कळे.) केबल कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनुसार मुंबई, दिल्ली व कोलकाता येथे ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत ३१ मार्च २०१३ ही सदृश केबल बंद करण्याची मुदत ठरली. सेट टॉप बॉक्स आल्यावर कार्डावरील ट्यूनर निकामी झाला. बॉक्समधून निघणारे सदृश चित्र कार्डाच्या दुसऱ्या खोबणीत देऊन मुद्रण करता येई, पण मग वाहिनी बदलणे बॉक्सच्या हाती राही. अपवाद होता तो दूरदर्शनच्या डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या निःशुल्क उपग्रहसेवेचा. तिच्यावरील वाहिन्या प्रारंभी गूढलेखनरहित असल्याने उपग्रह संकेत घेणारे कार्ड व तबकडी एवढ्या साहित्यावर मूळ प्रवाह उतरविता येई. दूरदर्शनची जमिनीवरील सदृश प्रक्षेपण केंद्रे, थोडी सामरिक महत्त्वाची ठिकाणे वगळता, मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आली.

उत्तरकालीन उपयोग : सदृश प्रक्षेपण थांबल्याने ही कार्डे अडगळीत गेली, तरी ती सर्वस्वी निरुपयोगी झालेली नाहीत. ब्रिटनमधील टेलिटेक्स्ट सेवेची पाने चित्राच्या न दिसणाऱ्या रेषांतून पाठविली जात. जुन्या व्हीएचएस फितींवर त्यांचा अस्पष्ट ठसा उरलेला असतो. बीटी ८७८ वर्गातील कार्ड त्या रेषाही वाचू शकत असल्याने अनेक पुनरावृत्तींची सरासरी काढून ही पाने पुन्हा वाचनीय करण्यात आली आहेत. त्यानंतरच्या सीएक्स २३८८० मालिकेतील चिपचे कार्ड ट्यूनर म्हणून न वापरता, सेकंदाला सुमारे २ कोटी ८६ लक्ष नमुने घेणारे साधे अंकीकरण यंत्र म्हणून चालविणारी आज्ञावली छांदिष्टांनी लिहिली. फीतयंत्राच्या शीर्षावरून निघणारा मूळ संकेत त्याद्वारे जसाच्या तसा साठवून चित्र नंतर गणिताने तयार करतात. १९३३ च्या तबकडीवरील चित्रही संगणकाच्या साहाय्याने असेच परत मिळविण्यात आले होते.