डिजिटल अटक

डिजिटल अटक : पोलीस, सीबीआय, ईडी किंवा सीमाशुल्क अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर माणसाला धाकात ठेवण्याचा व पैसे उकळण्याचा सायबर फसवणुकीचा प्रकार. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही.

सुरुवात बहुधा साध्या फोनने होते : तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमवरून गुन्हा घडला. मग व्हॉट्सॲपवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, बनावट वॉरंट, कधी खोटे न्यायालयसुद्धा. कॅमेरा बंद करू नका, घरच्यांना सांगू नका, असे बजावले जाते. सारा डाव या एकटेपणावर उभा असतो. म्हणूनच कॉल बंद करून मुलांना किंवा शेजाऱ्यांना हकिकत सांगणे हा सर्वांत परिणामकारक बचाव. शेवटी ‘पडताळणीसाठी’ रक्कम एका खात्यात भरायला लावतात. तिथून ती भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांत झपाट्याने पांगते. बळी पडलेल्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापकही आहेत. त्यांना भोळे वा लोभी ठरवणे अन्यायाचे आहे. येथे लोभाचा नव्हे, तर कायद्याविषयीच्या आदराचा आणि बदनामीच्या भीतीचा गैरफायदा घेतला जातो.

पैसे गेल्यास तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार लवकर झाल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.